जांभळ्या काठाचा शोध

आत्याचे सहस्रचंद्रदर्शन वाईला तिच्या राहत्या वाड्यात झाले, तेव्हा फोटो काढण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. घरात बरा कॅमेरा असलेला मी एकटाच. औक्षण, तुला, पंगती हे सगळे टिपून झाल्यावर तिला मागच्या अंगणात नेले आणि चाफ्याशेजारी उभे केले. माघ महिना होता. चाफ्यावर एक पान नव्हते. उघड्या फांद्यांमागे दुपारचे पांढरेफटक आकाश, आणि आत्याच्या अंगावर पांढरे नऊवारी, त्याला दोन बारीक जांभळ्या रेघांचा काठ. फोटो चांगला आला. दिवसभराचा थकवा आणि समाधान दोन्ही तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

घरी येऊन संगणकावर तो मोठा करून पाहिला, तर चाफ्याच्या प्रत्येक फांदीला जांभळी झालर लागलेली. फोटो काढणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही किनार घालवण्याची सोय असते. पडद्यावरची एक पट्टी उजवीकडे सरकवायची. मी ती बरीच सरकवली. फांद्या स्वच्छ झाल्या. चाळीस प्रती छापून घेतल्या आणि नातेवाइकांना वाटल्या. महिन्याभराने वाईला गेलो, तर आत्याने फोटो डोळ्यांजवळ धरून विचारले, "अरे, माझ्या लुगड्याचा काठ कुठं गेला?"

खरोखरच गेला होता. जांभळ्याच्या जागी राखी रेघा उरल्या होत्या. ते लुगडे माझ्या आजीने, म्हणजे आत्याच्या आईने, तिला दिलेले शेवटचे. आत्या रागावली नाही. "यंत्राला काय कळतंय," म्हणून तिने विषय सोडून दिला. पण पट्टी यंत्राने सरकवली नव्हती, मी सरकवली होती. ती बोच मनात राहिली, आणि ही किनार येते कुठून, ती घालवायला माणसाने काय काय केले, हे मी वाचू लागलो. त्यासाठी साडेतीनशे वर्षे मागे जावे लागले.

लांबच लांब दुर्बिणी

भिंगातून जाताना प्रकाश वाकतो, पण सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा-जांभळा जास्त वाकतो, तांबडा कमी. त्यामुळे साध्या बहिर्वक्र भिंगाची नाभी एक नसते. प्रत्येक रंगाची नाभी वेगळ्या अंतरावर पडते. एक मीटर नाभीय अंतराचे साध्या काचेचे भिंग घेतले, तर निळ्या आणि तांबड्या नाभींमध्ये सुमारे पंधरा मिलिमीटरांचे अंतर पडते. एक रंग नेमका बसवावा तर बाकीचे त्याच्याभोवती पसरतात. हेच वर्णविपथन.

सतराव्या शतकातल्या खगोलनिरीक्षकांना हा दोष रोज छळत होता. गुरूभोवती, चंद्राच्या कडेभोवती रंगांची वलये दिसत. त्यांना एक उपाय सापडला होता: भिंगाचा व्यास लहान आणि नाभीय अंतर खूप मोठे ठेवले की किनार कमी जाणवते. म्हणून दुर्बिणी लांब होत गेल्या. डान्झिगच्या, म्हणजे आजच्या ग्दान्स्कच्या, हेवेलियसने दीडशे फूट लांबीची दुर्बीण खांबावर टांगली. वारा आला की ती डोलू लागे. हॉलंडच्या हायगेन्स बंधूंनी तर नळीच काढून टाकली. उंच खांबावर पुढचे भिंग, खाली जमिनीवर डोळ्याचे भिंग, आणि दोन्ही एका रेषेत राखायला मध्ये ताणलेली दोरी. त्यांचे १२३ फूट नाभीय अंतराचे एक भिंग पुढे रॉयल सोसायटीकडे गेले. एवढ्या खटाटोपाचे एक मोठे कारण म्हणजे ही रंगीत किनार.

ती का पडते हे न्यूटनने सांगितले. १६६६ च्या सुमारास त्याने लोलकातून सूर्यकिरण नेऊन त्याचा वर्णपट भिंतीवर पाडला, आणि पांढऱ्या प्रकाशातच सगळे रंग असतात हे १६७२ साली रॉयल सोसायटीला लिहून कळवले. दोष भिंग घासणाऱ्याच्या हाताचा नव्हता, प्रकाशाच्या स्वभावातला होता. मग न्यूटनने भिंगच टाळले. आरशावरून परावर्तन होताना सगळे रंग एकाच कोनात परततात, तिथे किनार पडायचे कारण नाही. १६६८ साली त्याने आरशाची पहिली दुर्बीण केली, जेमतेम वीतभर लांबीची.

पण इथेच त्याच्या हातून एक चूक झाली. काचेचा लोलक पाण्यात ठेवून त्याने प्रयोग केला, आणि त्याला असे दिसले की प्रकाशाचे वाकणे नाहीसे करावे तेव्हाच रंगही नाहीसे होतात. वाकणे शिल्लक असेल तर रंगही असतोच. म्हणजे कोणताही पदार्थ घ्या, वाकवण्याचे आणि रंग पसरवण्याचे प्रमाण ठरलेले. तसे असेल तर दोन भिंगे जोडून रंग घालवता येणार नाहीत. घालवले तर भिंगाचे भिंगपणच जाईल. १७०४ च्या 'ऑप्टिक्स' या ग्रंथात हा निष्कर्ष छापला गेला. न्यूटनच्या नावाचा दबदबा असा की पुढची कित्येक वर्षे फार थोड्यांनी तो तपासून पाहिला.

वकील आणि विणकर

ज्यांनी तपासला त्यांतला पहिला भिंगाच्या धंद्यातला नव्हता. चेस्टर मूर हॉल हा इंग्लंडमधल्या एसेक्सचा एक वकील. माणसाचा डोळा वेगवेगळ्या द्रवांचा आणि पडद्यांचा बनलेला आहे, तरी आपल्याला जग रंगीत किनारीचे दिसत नाही. मग दोन प्रकारच्या काचा जोडून हे का जमू नये, असा त्याचा विचार होता. गंमत अशी की डोळा या बाबतीत मुळीच निर्दोष नाही, त्यात भरपूर वर्णविपथन असते. मेंदू ते जाणवू देत नाही, एवढेच. चुकीच्या उदाहरणावरून हॉल बरोबर वाटेला लागला.

त्याच्या काळात इंग्लंडात दोन प्रकारची काच सहज मिळे. खिडक्यांची क्राउन काच, आणि शिसे घातलेली, पेल्यांसाठी वापरली जाणारी जड, चमकदार फ्लिंट काच. फ्लिंट काच प्रकाश थोडा जास्त वाकवते, पण रंग मात्र कितीतरी जास्त पसरवते. म्हणजे प्रमाण ठरलेले नव्हतेच. क्राउनचे बहिर्वक्र आणि फ्लिंटचे अंतर्वक्र भिंग एकाला एक लावले, तर फ्लिंट क्राउनने पसरवलेले रंग परत गोळा करते आणि तरी वाकण्याची ताकद शिल्लक राहते. १७३३ च्या सुमारास हॉलने अशी दुर्बीण करवून घेतली.

त्याने गुप्तता राखायला एक भिंग एका कारागिराला सांगितले आणि दुसरे दुसऱ्याला, अशी गोष्ट सांगतात. दोघांनीही ते काम जॉर्ज बास नावाच्या एकाच भिंगवाल्याकडे पाठवले. बासच्या हातात दोन्ही भिंगे आली, वक्रता एकमेकींत बसणारी. त्याने ती जुळवून पाहिली आणि त्याला कळायचे ते कळले. हॉलने मात्र पुढे ना काही छापले, ना पेटंट घेतले.

दुसरा माणूस जॉन डॉलंड. फ्रान्समधून आलेल्या प्रॉटेस्टंट निर्वासितांच्या घरातला, लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात रेशीम विणून पोट भरणारा. मागावर बसून त्याने गणित आणि प्रकाशशास्त्र शिकून घेतले, आणि चाळिशी उलटल्यावर मुलाच्या चष्मे-दुर्बिणींच्या दुकानात सामील झाला. ऑयलर या मोठ्या गणितज्ञाने काच आणि पाणी मिळून रंग घालवता येतील असे मांडले, तेव्हा हाच डॉलंड न्यूटनच्या बाजूने त्याच्याशी भांडला. पुढे स्वीडनच्या क्लिंगेनस्टिएर्ना या अभ्यासकाने न्यूटनच्या विधानात गणिती विसंगती आहे हे दाखवले. डॉलंडने हट्ट न धरता प्रयोग पुन्हा केला. पाण्याच्या पाचरीत काचेचा लोलक ठेवून प्रकाश अजिबात वाकणार नाही असा कोन साधला, आणि पाहतो तर रंग तसेच पसरलेले. न्यूटनचे म्हणणे चुकले होते. १७५८ साली डॉलंडने क्राउन-फ्लिंटच्या जोडभिंगाचे पेटंट घेतले. त्याच वर्षी त्याला रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

१७६१ साली डॉलंड वारला. मुलगा पीटरने पेटंटचा हक्क बजावायला सुरुवात केली, तेव्हा लंडनचे भिंगवाले खवळले. हे तर हॉलने आधीच केले होते, असे म्हणत ३५ जणांनी पेटंट रद्द करण्यासाठी अर्ज केला. चॅम्पनीज नावाच्या व्यावसायिकावरचा खटला १७६६ साली निकाली निघाला. हॉलने शोध आधी लावला हे न्यायालयापुढे आले, तरी निकाल डॉलंडच्या बाजूने गेला. ज्याने शोध मेजाच्या खणात कुलूपबंद ठेवला त्याला नव्हे, तर ज्याने तो लोकांपर्यंत पोहोचवला त्याला पेटंटचा लाभ, असे न्यायाधीश लॉर्ड कॅमडेन यांचे मत पडले. वकील असलेला हॉल तेव्हा हयात होता. हा निकाल त्याला कसा वाटला असेल, हे मला राहून राहून वाटते.

उरलेला रंग

इतके वाचल्यावर माझी समजूत झाली की प्रश्न १७५८ साली सुटला. मग चाफ्याच्या फांदीवर जांभळे कुठून आले?

उत्तर असे आहे की जोडभिंग दोन रंगांची नाभी एकत्र आणते, सगळ्यांची नाही. तांबडा आणि निळा एका ठिकाणी आणले, तर मधला हिरवा-पिवळा थोडा अलीकडे राहतो. मघाच्या एक मीटर नाभीच्या भिंगात पंधरा मिलिमीटरांचा फरक होता. जोडभिंगात तो सुमारे अर्ध्या मिलिमीटरावर येतो. सुधारणा तीसपट, पण शून्य नाही. डोळ्याला हिरवा-पिवळा सर्वांत तेजस्वी दिसतो म्हणून निरीक्षक तोच नेमका बसवतो. मग तांबडा आणि निळा मिळून कडेला पसरतात. तांबडे आणि निळे मिसळले की काय दिसते? जांभळे. जोडभिंगाने उरवलेला हा रंगही चाफ्याच्या त्या झालरीत होता.

ही उरलेली किनार कुठे ढकलायची हे बघणारा कोण आहे यावर ठरते, हे फोटोग्राफी आल्यावर ठळकपणे कळले. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली. तिच्या कॅमेऱ्याला शेव्हालियेने बनवलेले जोडभिंग होते. पण चांदीचा लेप दिलेल्या त्या पत्र्याला निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अदृश्य प्रकाशच काय तो जाणवे. डोळ्याने पिवळ्यात नेमका बसवलेला चेहरा पत्र्यावर धूसर येई. लंडनमध्ये स्टुडिओ चालवणाऱ्या फ्रेंच छायाचित्रकार क्लॉदेने १८४०च्या दशकात हा फरक तपासला. दिसण्याची नाभी एक आणि उमटण्याची नाभी दुसरी, हे त्यातून स्पष्ट झाले. न्यूयॉर्कच्या लुइस रदरफर्डने १८६४ साली याचा शेवट गाठला. त्याने सव्वाअकरा इंच व्यासाचे दुर्बिणीचे भिंग फक्त फोटोच्या काचेसाठी जुळवून घेतले. त्यातून चंद्राचे उत्तम फोटो निघाले, आणि डोळा लावून पाहायला ते भिंग निरुपयोगी झाले.

वर्णपटाचा अभ्यास करणाऱ्यांना तर सगळेच रंग हवे असतात. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ साली कावसजी नायगमवाला यांनी उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत डब्लिनच्या ग्रब यांची वीस इंची दुर्बीण होती. ती आरशाची, न्यूटनने दोनशे वर्षांपूर्वी धरलेल्या वाटेवरची. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

दरम्यान फोटोची काचही बदलत होती. १८७३ साली फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने लेपात रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा प्रकाश दाखवला. पुढे तांबडाही दिसू लागला. आता फक्त निळ्यापुरते भिंग जुळवून भागेना. त्याच सुमारास जर्मनीत येना इथे एर्न्स्ट आबे आणि काचेचा जाणकार ओटो शॉट यांनी काचेच्याच घटकांत हात घातला. शिसे, बोरॉन, बेरियम, फॉस्फरस यांची नाना मिश्रणे त्यांनी वितळवून पाहिली. १८८६ साली झाइसच्या कारखान्यातून सूक्ष्मदर्शकाची अशी भिंगे बाहेर पडली की त्यांत दोनऐवजी तीन रंगांची नाभी एकत्र येत होती. त्यासाठी फ्ल्युओराइट हे खनिज घासून वापरले होते, कारण ते रंग फार कमी पसरवते. मोठे निर्दोष स्फटिक निसर्गात क्वचित मिळतात, म्हणून कॅमेऱ्याच्या भिंगांना फार थांबावे लागले. कृत्रिम फ्ल्युओराइटचे भिंग कॅननने १९६९ साली बाजारात आणले. तिथेही दोष उरतोच, फक्त आणखी लहान.

तीन रंगांची बेरीज

आजच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक आहे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना १९७६ साली पेटंट मिळालेल्या रचनेत प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी असते. दोन हिरव्यांमागे एक तांबडी, एक निळी. म्हणजे एकाच फोटोत तीन फोटो असतात, आणि या किनारीवरचे बरेचसे आधुनिक उपाय त्यावरच उभे आहेत.

किनार दोन जातींची असते आणि दोघींचे औषध वेगळे, हे मला उशिरा कळले. पहिली आडवी. तांबड्या रंगाचे चित्र हिरव्यापेक्षा किंचित मोठे किंवा लहान पडते. ते एक हजारांशाने मोठे असले, तर केंद्रापासून तीन हजार ठिपक्यांवर, म्हणजे कोपऱ्यात, तीन ठिपक्यांची चूक होते. फोटोच्या मध्यावर ही किनार नसते; कोपऱ्याकडे वाढत जाते, खांबाच्या एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर दिसते. भिंगाचे छिद्र लहान करून ती कमी होत नाही. पण गणिताने ती छान जाते: तांबडे आणि निळे चित्र तेवढ्या प्रमाणात आकसायचे किंवा ताणायचे की रंग आपापल्या जागी येऊन बसतात. यात कुठलाही रंग मारला जात नाही, घरी परत आणला जातो. अनेक कॅमेरे हे काम आता आतल्या आतच उरकतात.

दुसरी किनार खोलीची, नाभी मागेपुढे पडल्याची. नेमक्या अंतराच्या पुढच्या वस्तूंना ती जांभळट, मागच्यांना हिरवट लागते, आणि फोटोत कुठेही येते. उजळ आकाशापुढच्या काळ्या फांदीवर ती सर्वांत वाईट दिसते, आणि तिथे तेजाने भारावलेला संवेदकही तिला हातभार लावतो. ही किनार चित्र ताणून जात नाही, कारण रंग सरकलेला नसतो, पसरलेला असतो. तिच्यावर खरा इलाज फोटो काढतानाच करायचा असतो. मी त्या दिवशी छिद्र १.८ वर उघडे ठेवले होते. ते ४ वर आणले असते, तर पसरण्याचे वर्तुळ निम्म्याहून लहान झाले असते. प्रकाश थोडा कमी घेतला असता, आत्याला दोन पावले सरकवून मागे आकाशाऐवजी वाड्याची भिंत घेतली असती, तरी बरेच काम झाले असते.

हे काही न करता मी शेवटचा उपाय पहिला केला. किनार घालवणारी ती पट्टी उजेड-अंधाराच्या कडेवर जांभळे शोधते आणि त्याचा रंग काढून घेते. भिंगाने सांडलेले जांभळे आणि विणकराने विणलेले जांभळे यांत तिला फरक करता येत नाही. पांढऱ्या लुगड्याच्या कडेवरची जांभळी रेघ तिच्या हिशेबी दोषच होती. रंग भिंगाचा की वस्तूचा, हे तिथे उभा राहून फोटो काढणाऱ्यालाच ठाऊक असते, आणि म्हणून ती पट्टी किती आणि कुठे सरकवायची हे त्यानेच ठरवायला हवे.

मूळ फाइल सुदैवाने ठेवली होती. या वेळी आधी फक्त आडवी किनार दुरुस्त केली. मग कुंचल्याने एकेक फांदी निवडून तेवढ्यापुरतेच जांभळे उतरवले. लुगड्याला हात लावला नाही. दोन संध्याकाळी गेल्या. एक फांदी आत्याच्या खांद्याजवळ पदराच्या काठाला जवळजवळ चिकटली आहे. तिथे कुठले जांभळे फांदीचे आणि कुठले काठाचे हे मलाही ठरवता येईना. तिथे दोन्ही तसेच राहू दिले.

नवी प्रत घेऊन वाईला गेलो. आत्याने काठावरून बोट फिरवले, मान डोलावली. मग खांद्याजवळच्या त्या फांदीवर बोट ठेवून म्हणाली, "याला का रे जांभळं लागलंय?"

मी हेवेलियसच्या दीडशे फुटी दुर्बिणीपासून सुरुवात केली. डॉलंडपर्यंत तिने नीट ऐकले. तो विणकर होता हे ऐकून तिने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे त्याला काठाची किंमत ठाऊक होती," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.